दाखव बघू

आमच्या मेडिकलच्या दुकानात औषध घ्यायला जेवढी माणसं येतात, जवळजवळ तेवढीच काहीतरी दाखवायला येतात. लग्न होऊन उरणला आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली पंचवीस या काउंटरमागे गेली. सुरुवातीला मला वाटायचं, लोक घाबरून येतात. पोराला काहीतरी चावलेलं असतं, म्हणून चावणाऱ्यालाच काड्यापेटीत कोंडून आणतात. मग हळूहळू लक्षात आलं की निम्म्यांना काही चावलेलंच नसतं. "वहिनी, हे बघा" एवढंच त्यांचं काम. काड्यापेटीत विंचू, बरणीत गोम, दुधाच्या पिशवीत कसलीशी अंडी. एकदा करंजाच्या एका मावशीने मासळीच्या टोपलीतून समुद्रसाप आणला. जाळ्यात आलेला, मेलेला. तो तिने खोकल्याच्या औषधांशेजारी ठेवला. मी ओरडले, समोरचं गिऱ्हाईक बाहेर पळालं, आणि मावशी शांतपणे म्हणाली, "मेलाय गो. शेपटी बघ ना शेपटी."

शेपटी वल्ह्यासारखी चपटी होती. जमिनीवरच्या सापाची अशी नसते. फार्मसी शिकताना मी सापाच्या विषावरच्या लशीबद्दल पानंच्या पानं पाठ केली होती, पण त्या शेपटीकडे बघ म्हणून मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आमचा 'पहिला रविवार' त्या शेपटीतून निघाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दुकान बंद असतं. तेव्हा मागच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांवर आम्ही सातआठ जण बसतो. ती मावशी, निवृत्त पोस्टमन, एक शाळामास्तर, घरोघर पार्सलं पोहोचवणारा एक पोरगा, दोन कॉलेजच्या मुली, मी, आणि दारात खुर्ची टाकून बसलेले आमचे आबा. आबा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. ते सभेत नसतात, फक्त दारात असतात. ज्याला जे सापडलं ते त्याने दाखवायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. हल्ली बहुतेकदा मोबाइलमधला फोटोच असतो. पक्ष्याचं पीसही उचलून घरी आणू नये, कायद्यात बसत नाही, असं मास्तरांनी दटावून ठेवलंय.

मराठी माणसं तीन महिने नेमाने भेटली की चौथ्या महिन्यात अध्यक्षाचा प्रश्न निघतो. आमच्यातही निघाला. मास्तर म्हणाले, नोंदणी करून टाकू. पोस्टमनकाकांनी शिक्क्याचा आकारसुद्धा ठरवला. तेवढ्यात पार्सलवाल्या पोराने विचारलं, "पण मॅडम, अशी सोसायटी पहिल्यांदा काढली कुणी?"

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगते. मग वाचत बसले. वाचताना जे सापडलं त्याने मी थोडी चक्रावून गेले, म्हणून हे लिहितेय.

*

१५ सप्टेंबर १८८३. मुंबईतले आठ रहिवासी एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आज जिला सगळे बीएनएचएस म्हणतात तीच. कार्यक्रम अगदी साधा होता: महिन्यातून एकदा भेटायचं, नोंदींची देवाणघेवाण करायची, सापडलेले नमुने मांडायचे आणि एकमेकांना हुरूप द्यायचा. भारतातल्या निसर्ग-अभ्यासाची एवढी मोठी संस्था सुरू झाली ती 'दाखव बघू' एवढ्या बोलीवर.

त्याआधी सव्वादोनशे वर्षं, १६६० साली, लंडनमध्ये डझनभर माणसांनी अशीच एक सभा भरवली होती. ती पुढे रॉयल सोसायटी झाली. तिच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ साधारण असा, की कुणाच्या नुसत्या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, जवळपास तेच. फरक एवढाच, की आपण ही म्हण वाद मिटवायला वापरतो आणि त्यांनी तिथून कामाला सुरुवात केली.

मुंबईच्या सभेच्या पहिल्या बैठका व्हायच्या भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. मुद्दाम जाऊन आले. उरणच्या मोरा बंदरातून लाँच पकडली, मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरले. (हा भाऊ वेगळा. धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांच्या नावाचा, पण उरणच्या निम्म्या लोकांची समजूत दाजींच्या भाऊचीच आहे आणि मी ती दुरुस्त करत बसत नाही.) संग्रहालयाच्या हिरव्या-सोनेरी खांबांखाली उभी राहून मी त्या आठ जणांना नजरेसमोर आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. डोळ्यांसमोर सलाइनची खोकीच येत राहिली.

आठपैकी चार डॉक्टर होते. एक कर्नल होता, चार्ल्स स्विन्हो, फुलपाखरं आणि पतंगांच्या मागे लागलेला. सहा जण साहेब आणि दोन आपले. तिशी उलटलेल्या एका सरकारी नोकराची सगळी हयात नंतर आमच्या किनाऱ्याशी बांधली गेली, म्हणून आधी त्याचं सांगते.

*

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन १८५१ साली साताऱ्याला जन्मला. वडील स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. पोराचं शिक्षण इथेच झालं, पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. काही वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि १८७६ मध्ये नोकरी धरली ती जकात आणि मीठ खात्यात. खाराघोडा, उरण, उत्तर कानडा आणि गोव्याची सरहद्द, रत्नागिरी, मुंबई अशा त्याच्या बदल्या झाल्या. म्हणजे माझं रत्नागिरीकडचं माहेर आणि उरणचं सासर दोन्ही त्याच्या यादीत आहेत. हे वाचून मला उगीचच तो नात्यातला वाटायला लागला.

आबांना तसं वाटलं नाही.

"मिठाचा सायब?" ते म्हणाले. "मंग तो चांगला कसा आसंल?"

आबांच्या आजोबांच्या काळात मिठावर कर होता. १८८२ साली तो मणामागे दोन रुपये झाला. मिठाच्या मूळ किमतीच्या तो कित्येक पट होता. आपल्याच खाजणात भरतीचं पाणी घ्यायचं, आपल्याच बांधात ते कोंडायचं, उन्हात आटवायचं, आणि तयार झालेलं मीठ परवान्याशिवाय आगरातून हलवायचं नाही. राशींवर पहारा असायचा. बाईच्या ओच्यात मूठभर खडे सापडले तरी ती चोरी. आबांच्या घरात या काळाची एकच ओळ उरलीय. ती त्यांच्या आजोबांची, ते सांगायचे: "पानी देवाचा, ऊन देवाचा, घाम आपला, नि चोर बी आपुनच!"

हे ऐकल्यावर एटकेनबद्दल बोलणं मला अवघड गेलं. तरी सांगितलं, कारण माणूस मजेशीर होता. नोकरीत वेळच वेळ. सरहद्दीवरची नाकी, मिठाचे आगर, तंबू, घोडा आणि न संपणाऱ्या दुपारी. त्याने काय केलं? समोर जे होतं ते बघितलं. वाघ-हत्तींच्या मागे तो गेला नाही. बंगल्यातली पाल, वळचणीचा उंदीर, मुंग्यांची रांग, कावळ्याचा आगाऊपणा यांवर त्याने लिहिलं आणि तेही हसत हसत. 'एहा' ही त्याची सही. संस्था निघाली त्याच वर्षी त्याचं अशा लेखांचं पुस्तक आलं आणि गाजलं. पुढे घरातल्या नोकरचाकरांवरही त्याने तशाच विनोदी ढंगाने लिहिलं. ते वाचताना मात्र मला हसू आलं नाही. पालीकडे ज्या नजरेने बघावं त्याच नजरेने आचाऱ्याकडे बघितलं, की आचाऱ्याचा अपमान होतो. पालीचा होत नाही. इतका नीट बघणारा माणूस, पण त्याला हे दिसलं नाही.

१९०२ मध्ये त्याला गोव्याच्या सरहद्दीवर पाठवलं. नाक्यांवरचे मीठखात्याचे शिपाई हिवतापाने आजारी पडत होते. डासांपासून त्यांना दूर कसं ठेवायचं हे शोधणं त्याचं काम होतं. ते करताना त्याला अ‍ॅनाफिलिस डासाची एक नवीच जात सापडली आणि तिला त्याचं नाव मिळालं: अ‍ॅनाफिलिस एटकेनी. इतकी वर्षं पक्षी-फुलपाखरांच्या संगतीत काढली आणि नाव चिकटलं ते डासाला. त्याला स्वतःला हे आवडलं असणार असं मला वाटतं.

हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या सायबाला पाखरांची नावां कुनी सांगितली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर आहे, पण त्यात नावं नाहीत. आगरात शेकाट्या येतो तो लांब तांबड्या पायांवर, चिखल्या पळतो आणि थांबतो, तुतवार शेपूट हलवत राहतो. कुठल्या महिन्यात कोण कुठल्या बांधावर उतरतं हे गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहणाऱ्याला जेवढं ठाऊक, तेवढं घोड्यावरून जाणाऱ्याला कसं असेल? पण आठ जणांच्या यादीत आगरी नाही, कोळी नाही, कातकरी नाही. महिन्याच्या सभेला जायचं तर भायखळ्याला जायला हवं आणि इंग्रजी यायला हवं.

*

तरी यादीत दोन मराठी नावं आहेतच. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. चक्रावले ते इथेच. दोघांची नावं मला आधीपासून ठाऊक होती, पण भलत्याच ठिकाणांवरून.

आत्माराम पांडुरंग म्हणजे तर्खडकर. तर्खडकर म्हटलं की आपल्या पिढीला भाषांतर पाठमाला आठवते आणि पोटात गोळा येतो. ते दुसरे तर्खडकर. हे घराणं वसईकडच्या तर्खड गावाचं आडनाव लावणारं, आणि या घरात सभा काढण्याची हौस पिढीजात असावी. थोरले दादोबा, ज्यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं. म्हणून त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. त्यांनीच पुढे मुंबईत परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. बंद दाराआड ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा आणि बाहेर आलं की तोंड पुसायचं. १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटतील या भीतीने सभा विस्कटली. दुसरे भाऊ भास्कर पांडुरंग. त्यांनी १८४१ मध्ये, म्हणजे काँग्रेस निघायच्या चव्वेचाळीस वर्षं आधी, इंग्रज हा देश कसा लुटतायत हे मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून सांगितलं. सहीच्या जागी 'एक हिंदू'.

आत्माराम त्यांचे धाकटे भाऊ. १८२३ चा जन्म. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८६७ साली प्रार्थना समाज निघाला त्याचे ते संस्थापक. १८७९ मध्ये मुंबईचे शेरीफ. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या घरी सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा इंग्रजी बोलायचा सराव करायला राहून गेला. आत्मारामांची विलायतेला जाऊन आलेली मुलगी अन्नपूर्णा त्याला शिकवायची. मुलाने तिचं नाव ठेवलं नलिनी. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ टागोर.

आता या घराकडे एकत्र बघा. एका भावाने भाषेची हाडं मोजली. दुसऱ्याने राज्यकर्त्यांचा हिशेब मागितला. तिसरा, साठाव्या वर्षी, त्याच राज्यकर्त्यांतल्या पाचसहा जणांबरोबर बसून किडे बघायला तयार झाला. मला आधी हे विसंगत वाटलं. मग वाटलं, पाव लपून खाणाऱ्या सभेपेक्षा बेडूक उघड्यावर मांडणारी सभा म्हाताऱ्या डॉक्टरांना बरी वाटली असेल. यादी चोरीला गेली तरी बिघडत नाही अशी सभा!

आणि हे दोघे होते डॉक्टर. त्या काळी डॉक्टर व्हायचं तर वनस्पती ओळखता यायलाच हव्यात, कारण औषध झाडातूनच यायचं. माझ्या दुकानात गोळी पत्र्याच्या पाकिटात येते. तिचं झाड कुठलं हे मला कुणी विचारत नाही. सखाराम अर्जुन मात्र ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. १८७९ मध्ये त्यांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची छापली. ताज्या पाल्याच्या रूपात वापरल्या जाणाऱ्या झाडांची यादीही तिला जोडली. अडुळसा, गुळवेल, निर्गुंडी ही नावं ज्या जगात आजीच्या तोंडी असतात, त्या जगातून ती वर्गात आणि छापखान्यात नेणारा हा माणूस. जातीने सुतार. आपण दुकान चालवतो म्हणून की काय, त्या आठांतला हाच मला सगळ्यात जवळचा वाटला.

*

सखाराम अर्जुनांचं नाव मला ठाऊक होतं ते रखमाबाईंमुळे. रखमाबाई त्यांची सावत्र मुलगी. तिची आई जयंतीबाई विधवा झाली आणि तिने सखाराम अर्जुनांशी दुसरं लग्न केलं. त्यांच्या जातीत ते चालायचं. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं. पण ती सासरी गेली नाही. घरीच राहिली, फ्री चर्च मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत बसली. (फ्री चर्च, म्हणजे एटकेनच्या वडिलांचंच चर्च. मुंबई तेव्हा किती लहान होती!)

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मी तशा पूर्वी कधी ठेवल्या नव्हत्या. सप्टेंबर १८८३ मध्ये संस्था निघाली. मार्च १८८४ मध्ये, संस्था सहा महिन्यांची असताना, दादाजींच्या वकिलांचं पत्र आलं: बायको नांदायला पाठवा. मग दावा. सगळ्या मुंबईत बोभाटा. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले, पंचेचाळिशीच्या आसपास. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्हींचा निकाल रखमाबाईच्या बाजूने लागला. तो ऐकायला ते नव्हते. संस्थेच्या नियतकालिकाचा पहिला अंक जानेवारी १८८६ चा, तोही त्यांनी पाहिला नाही. पुढे निकाल फिरला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं.

गोष्टीचं दुसरं टोक एका दारूच्या दुकानात सापडतं. संस्थेला सुरुवातीला स्वतःची जागा नव्हती. १८८४ च्या आरंभी हर्बर्ट फिप्सन नावाच्या वाइनच्या व्यापाऱ्याने फोर्ब्ज स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली एक खोली तिला दिली. हे वाचलं तेव्हा मी सलाइनच्या खोक्यांकडे बघून मोठ्याने हसले. दुकानाची मागची खोली! याच फिप्सनने १८८९ मध्ये लग्न केलं ते डॉ. एडिथ पीची यांच्याशी. स्त्रियांना डॉक्टर होऊ द्या म्हणून एडिंबरात झगडलेल्या सात जणींपैकी ही एक. १८८३ च्या अखेरीस बायकांच्या कामा हॉस्पिटलचं काम बघायला मुंबईला आलेली. रखमाबाईच्या मागे जी माणसं उभी राहिली त्यात ती होती. रखमाबाई लंडनला जाऊन शिकली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली, परत आली आणि सुरत-राजकोटला तिने अनेक वर्षं बायकांवर उपचार केले.

मी शाळेत समाजसुधारणा वेगळ्या धड्यात शिकले आणि विज्ञान वेगळ्या पुस्तकात. प्रार्थना समाज इतिहासाच्या पेपरात यायचा, अ‍ॅनाफिलिस जीवशास्त्राच्या. या दोन डॉक्टरांकडे असे दोन कप्पे नव्हते. रोग्याची नाडी, झाडाचं पान, लहान मुलीचं लग्न, सगळ्याला एकच प्रश्न: असं का? दाखवा. आपण त्यांचा अर्धा भाग उचलला आणि अर्धा विसरलो. त्यांच्या पुतळ्याखालच्या पाटीवर समाजसुधारक एवढंच मावतं.

*

रखमाबाई डॉक्टर झाली त्याच वर्षी संस्थेत एक नवा सभासद आला. कारवारकडून तीन महिन्यांचं धनेश पक्ष्याचं पिल्लू भेट आलं. नाव ठेवलं विल्यम. फिप्सनच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात राहायचं. तीन वर्षांत सव्वाचार फूट झालं. टेनिसचा चेंडू फेकला तर चोचीत झेलायचं. एकदा पेटता सिगार गिळला, त्याला काही झालं नाही. सव्वीस वर्षांनी, १९२० साली, तारेचा तुकडा गिळून मेलं. तोच धनेश आज संस्थेच्या चिन्हावर आहे.

माझ्या माहेरी, संगमेश्वराकडे, याला गरुड म्हणतात. देवराईतल्या जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला चिणून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून फळं आणून भरवत राहतो. लहानपणी त्याच्या पंखांचा आवाज आला की आजी म्हणायची, आली आगगाडी. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. आजीने आगगाडी कुठे ऐकली होती कोण जाणे. तो आवाज ज्याच्या पंखात आहे त्याने सव्वीस वर्षं संस्थेच्या नंतरच्या, अपोलो स्ट्रीटवरच्या कचेरीत बसून काढली, हे काही मला पचलं नाही. मावशीला तर अजिबातच. "उडालाच नाय कधी?" तिने दोनदा विचारलं.

सालिम अलींचं मी थोडक्यात सांगितलं, कारण ते सगळ्यांना माहीत असतात. लहानपणी पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते याच संस्थेच्या दारात गेले, ही कुठली चिमणी म्हणून विचारायला. म्हणजे पुन्हा काड्यापेटीच! सगळ्यांना माहीत नसतं ते किहीमचं. १९३० मध्ये, हाताला नोकरी नसताना, ते अलिबागेजवळ किहीमला येऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरणींच्या खोप्यांखाली तो पावसाळा त्यांनी घालवला. त्यांना दिसलं ते असं: खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन तपासतात, पसंत पडला तर एखादी आत शिरते. मग नर तिचं घर पुरं करून देतो आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी. मराठीने या पक्ष्याला सुगरण म्हटलं आणि सगळं श्रेय बाईला देऊन टाकलं. भाषेने बाईला आयतं श्रेय दिल्याची ही एकच वेळ, तीही चुकून. दोन्ही कॉलेजच्या मुली यावर बराच वेळ बोलत होत्या.

अध्यक्षाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. शिक्का राहूनच गेला.

*

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही जमलो तर दारातली खुर्ची रिकामी. वरून हाक आली. गच्चीवर या, सगळी या, चपला खाली काढा.

गच्चीत मधोमध परात होती, लग्नात माझ्या माहेरून आलेली, मोठी स्टीलची. गेले पंधरा दिवस ती मला स्वयंपाकघरात सापडत नव्हती. आबांनी मोऱ्याहून पार्सलवाल्या पोराकरवी समुद्राच्या पाण्याचे कॅन मागवले होते. तोही मला काही बोलला नव्हता. लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. परात भरायची, आटू द्यायची, पुन्हा भरायची. उरणच्या आगरांवर आता कंटेनर रचलेत. आबांचा आगर कुठे होता ते दाखवायचं तर एका कुंपणाबाहेर उभं राहून बोट करावं लागतं.

"सावली पाडू नका," आबा म्हणाले. "खाली बसा. वारा अडवा."

आम्ही परातीभोवती गोल बसलो. पाणी स्थिर, जडसं दिसत होतं. आबांनी काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने पाण्यावर धुळीचा कण पडल्यासारखं काहीतरी दिसलं. मग दुसरं. ते कण बुडले नाहीत. तरंगत राहिले आणि कडेने वाढू लागले. मुलींनी माझ्या दुकानातलं भिंग आणलं होतं, त्यातून बघितलं तर प्रत्येक कण म्हणजे उलटा धरलेला पोकळ मनोरा, चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचा. जड झाला की तो आपोआप कलायचा आणि तळाला जायचा. पोस्टमनकाकांनी तीनदा भिंग मागून घेतलं. मास्तर तीस वर्षं मुलांना स्फटिक शिकवतायत, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकले. मावशी म्हणाली, रांगोळीसारखं आहे. आबा म्हणाले, "पयली साय. ही मोडायची नसते."

खूप वेळ कुणी बोललं नाही. मग पार्सलवाल्या पोराने हळूच एक बोट परातीच्या कडेला नेलं.

"आबा, जरा चाखू?"

आबांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"परवाना हाय काय?"